तेल गेलं कुठं?

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, साखर कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर गेलेले आहेत. मी इथंच राहिलो. ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर दुरुस्त करतो. संयोजकांनी सांगितलं, "तुझ्या कामाबद्दलच बोल." तेव्हा भाषणापेक्षा गॅरेजमधली एक गोष्ट सांगतो.

तुमच्यापैकी बरेच जण आमच्या गुऱ्हाळावर रस प्यायला यायचे. चुलवणाजवळ गुळव्या बसलेला असायचा आणि इकडं डिझेल इंजिनवर चरक चालायचा. चरकाच्या बुशांना तेल घालायचं काम माझ्याकडं होतं. अण्णांची शिस्त कडक. आधी इंजिन बंद, पट्टा थांबला की मगच बुधली हातात घ्यायची. ते म्हणायचे, "तेल कमी पडलं तर बुश जाईल, जास्त झालं तर रसात जाईल." बुश मुद्दाम मऊ धातूचा करतात. झीज व्हायचीच तर स्वस्तातल्या बुशाची व्हावी, महागाचा शाफ्ट वाचावा, हा त्यातला हिशेब. आपल्या विज्ञानाच्या सरांनी घर्षण फळ्यावर शिकवलं, ते मला चरकावर समजलं.

चरकाचं एक बरं होतं. त्याची चाकं उघडी. दाता झिजला तर दिसायचा, बुश कोरडा पडला तर किरकिरायचा. आताच्या रोटाव्हेटरचं तसं नाही. ट्रॅक्टरची ताकद मधल्या गिअरबॉक्समधून बाजूच्या बंद पेटीत येते. त्या पेटीत साखळी किंवा गिअर असतात आणि ते तेलात बुडून फिरतात. धूळ आत जात नाही, आवाज कमी होतो. पण आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही.

काही वर्षांपूर्वीची मे महिन्यातली गोष्ट. बोरगावकडच्या एक ताई रोटाव्हेटर घेऊन आल्या. नवरा गेल्यापासून मुलगा ट्रॅक्टर भाड्यानं चालवायचा, घर त्यावर चालायचं. साखळीच्या पेटीत तेल कमी होतं. दारात गिऱ्हाइकांची रांग होती. मी तेल भरलं, फक्त तेलाचे पैसे घेतले आणि मोकळा झालो. उलट ताईंवर उपकार केल्यासारखं मला वाटलं.

चौथ्या दिवशी चालू रानात साखळी तुटली. तुटलेल्या साखळीनं पेटीलाही तडा गेला. उघडून बघितलं तर खालच्या शाफ्टवर ठिबकच्या नळीचे तुकडे, सुतळी आणि पाचट घट्ट गुंडाळलेलं. त्यानं ऑइल सील कापलं होतं. तेल बाहेर गेलं आणि चिखलाचं पाणी आत आलं. ताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, तुम्ही तेल भरलं. पण आधीचं गेलं कुठं, ते बघितलं नाही."

मजुरी मी घेतली नाही. पण पेटी मिळेपर्यंत पावसाआधीचे दहा दिवस गेले. ते भाडं मी त्यांना कुठून परत देणार?

त्या दिवसापासून माझ्या गॅरेजमध्ये नियम केला. तेल कमी दिसलं की आधी कारण शोधायचं, मगच डबा उघडायचा. इथं बसलेल्या शेतकरी मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. इंजिन बंद करा, पीटीओ काढा. रोटाव्हेटरखाली वाकायचं असेल तर लाकडी ठोकळे लावल्याशिवाय वाकू नका, नुसत्या हायड्रोलिकवर विश्वास नको. शाफ्टला गुंडाळलेली नळी, सुतळी रोजच्या रोज कापून काढा. तेलाची पातळी सपाट जागेवर, यंत्र थंड असताना बघा. बहुतेक ठिकाणी नव्वद नंबरचं गिअर ऑइल लागतं, पण पुस्तिकेत लिहिलंय तेच घाला. जुन्या यंत्रात पितळी बुश असेल तर जास्तच जपा, काही गिअर ऑइलं पितळ खातात. तेल दुधासारखं पांढुरकं झालं म्हणजे पाणी शिरलं. नुसतं तेल बदलून उपयोग नाही, आधी सील बदला. नव्या यंत्राचं पहिलं तेल लवकर बदला, कारण सुरुवातीची घासणावळ त्यात उतरते. तेलात बारीक चुरा थोडा चालतो, तुकडे दिसले तर यंत्र थांबवा. आणि साखळी फार ढिली नको तशी फार ताणलेलीही नको, ताणली की बेअरिंग खाते.

आपला एक दोस्त कॅनडात असतो, आज समोरच बसलाय. गेल्या थंडीत त्यानं बर्फावर चालणाऱ्या गाडीचा फोटो पाठवला आणि विचारलं, "हे काय असेल रे?" बघतो तर दोन दात्यांची चाकं, साखळी आणि खाली तेल! मी कळवलं, "अरे, हा तर आपला रोटाव्हेटर! तेलाचा रंग बघ, आणि कमी झालं असेल तर गळती शोध." त्याच्या गाडीचं सीलच गेलेलं निघालं. तिकडं बर्फाचं पाणी, इकडं चिखलाचं, फरक तेवढाच.

शेवटी एक घोषणा करतो. दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या गॅरेजमध्ये रोटाव्हेटरची तपासणी फुकट करीन. तेल आणि सील ज्याचं त्यानं आणायचं. आपल्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलामुलींनी त्या दिवशी जरूर यावं. पेटी उघडून आतलं दाखवीन. हात काळे होतील, पण घर्षणाचा धडा पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

त्या ताईंचा मुलगा आता माझ्याकडंच काम शिकतोय. गिऱ्हाईक तेल मागायला आलं की पहिला प्रश्न तोच विचारतो, "आधीचं गेलं कुठं?"