सोनं नाही, हिरा नाही, तरी जपायची अशी अंगठी

आजचा एपिसोड खोट्या दागिन्यांवर. नीट सांगायचं तर जुन्या कॉस्च्युम ज्वेलरीच्या अंगठ्यांवर. पितळ, काच आणि वरून सोन्याचा पातळ मुलामा, एवढंच त्यात असतं. सराफाकडे नेलीत तर तो ती तराजूतसुद्धा टाकणार नाही. मी मात्र गेली काही वर्षं ह्याच गोळा करतेय, आणि घरी अजून विचारतात, ‘ह्याला मोड किती येईल गं?’ शून्य येईल. पुढे जाऊया.

या अंगठ्यांचा माग काढायला लागलात की एका गावाचं नाव सारखं समोर येतं. आजच्या चेक प्रजासत्ताकातलं याब्लोनेत्स, जर्मन नाव गाब्लोन्त्स. तिथे खडा एका घरात घडायचा, पैलू दुसऱ्या घरात पडायचे, कोंदण तिसरीकडे. अख्खं गाव म्हणजे एक कारखाना. आणि आपलं त्यांच्याशी जुनं गिऱ्हाईकाचं नातं आहे बरं का! पहिल्या महायुद्धाआधी तिथल्या काचेच्या बांगड्या मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानात यायच्या.

हे कारागीर बहुतांश जर्मन बोलणारे. दुसरं महायुद्ध संपलं आणि त्यांना तिथून हाकलून दिलं गेलं. हातात मावेल तेवढं सामान घेऊन निघाले, घरं, हत्यारं, साचे मागे राहिले. त्यातले बरेच जण बव्हेरियात काउफबॉयरेन गावाजवळ पोहोचले. तिथे स्फोटकांच्या एका जुन्या कारखान्याचे पडके अवशेष होते. १९४६ पासून त्या अवशेषांत वस्ती उभी राहिली, नाव ठेवलं नोयगाब्लोन्त्स. नवं गाब्लोन्त्स! आणि काम सुरू केलं तेच, काच आणि खोटे दागिने. म्हणून एखाद्या अंगठीच्या आत ‘चेकोस्लोव्हाकिया’ लिहिलेलं असतं आणि दुसरीत ‘वेस्ट जर्मनी’, पण घडवणारे हात एकाच घरातले असू शकतात. मला तर याच कारणासाठी त्या आवडतात.

आतला हा शिक्का वाचायला शिका. मोबाईलचा कॅमेरा झूम करा, पुरेसं आहे. चेकोस्लोव्हाकिया हा देशच १९१८ मध्ये जन्मला, म्हणजे तो शिक्का असलेली अंगठी त्याआधीची असूच शकत नाही. वेस्ट जर्मनी म्हणजे १९४९ ते १९९० मधली. आणि खड्यावर पेट्रोल सांडलेल्या पाण्यासारखे इंद्रधनुषी रंग दिसले, तर ती झळाळी स्वारोवस्कीने १९५० च्या दशकाच्या मध्यावर आणली. त्यामुळे असा खडा दाखवून कुणी ‘व्हिक्टोरियन आहे मॅडम’ म्हणालं, तर गोड हसायचं आणि पाकीट आत ठेवायचं. तसंही, साधारण शंभर वर्षं झाल्याशिवाय अँटिक म्हणत नाहीत, अलीकडचं ते व्हिंटेज. ऑनलाइन विकणारे मात्र परवाच्या मालालाही अँटिक म्हणतात.

काच की प्लास्टिक? ओठाला लावून बघा. काच गार लागते.

आता मुख्य मुद्दा. एका श्रोत्या ताईची व्हॉइस नोट आली होती. आजीची अंगठी आहे, खडा काळवंडलाय, खाली हिरवट काहीतरी जमलंय, दुकानदार म्हणाला फेकून द्या. ताई, फेकू नका! आधी पाण्यातही घालू नका. या खड्यांच्या पाठीला आरशासारखा चकचकीत थर असतो, चमक तिथून येते. कोंदणात पाणी शिरलं की तो थर काळा पडतो आणि मग परत उजळत नाही. म्हणून साबणाचं पाणी, टूथपेस्ट, चिंच, पितांबरी, दुकानातलं ते थरथरणारं मशीन, सगळं बाद. सॅनिटायझर आणि परफ्यूमसुद्धा अंगठी काढूनच.

हिरवं दिसतंय तो कळंक. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तीच गोष्ट, इथे ताकाच्या जागी घाम. तो लाकडी टूथपिकने अलगद खरवडायचा, धूळ हाताला न लागेल अशी काळजी घेऊन, मग मऊ कोरड्या ब्रशने झटकायचं. अगदीच गरज पडली तर कापसाचा बोळा जेमतेम ओला करून फक्त धातूवरून फिरवा, आणि खडा जमिनीकडे करून वाळवा, म्हणजे ओल आत उतरणार नाही. कळंक एका अंगठीवरून दुसरीवर पसरू शकतो, म्हणून ही काही दिवस वेगळी ठेवा.

खडा निखळला तर सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. नवा मुलामाही देऊ नका, जुना झिजलेला असला तरी गोळा करणाऱ्यांना तोच हवा असतो. पावसाळ्यात डब्यात बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाका, प्रत्येक अंगठी वेगळ्या सुती कापडात. लहान मुलांच्या हाती देऊ नका, जुन्या डाकाच्या जोडात शिसं असू शकतं.

आणि ताई, तुम्ही विचारलंय की बोटात घट्ट होतेय, मोठी करून घेऊ का? नाही. त्यासाठी धातू तापवावा लागतो, त्या आचेत खड्यामागचा थर जाईल. करंगळीत घालून बघा. तिथेही नाही बसली तर साखळीत ओवून गळ्यात घाला, फक्त घामाच्या दिवसांत नको.