गारठ्यातलं गरम पाणी

धनुर्मासात पहाटे न्हाणीत शिरायचं म्हणजे अंगावर काटा येतो. आपल्या विचुंब्यात माथेरानच्या डोंगराकडून वारा सुटला की टाकीतलं पाणी हाताला चटका लावावा इतकं गार होतं. अशा वेळी नेमका गिझर पेटत नाही. का, ते आज सांगते. आणि त्याहून महत्त्वाचं एक सांगायचंय, ते नंतर.

आमच्या सासूबाईंकडे तांब्याचा बंब होता. आधी पाणी भरायचं, मगच जाळ घालायचा, हा त्यांचा पहिला नियम. रिकामा बंब पेटवला तर सांध्यांची डाकी वितळते आणि बंब गळायला लागतो. खालची राख रोज काढायची, नाहीतर हवा जात नाही आणि नुसता धूर होतो. तो धूर कौलांच्या फटीतून निघून जाई. डोळे चुरचुरत, पण जीव सुरक्षित होता.

आता चाळीत, ब्लॉकमध्ये गॅसचा गिझर आला. तो पेटत नसेल तर आधी सेल बदलून बघा. मग पाण्याचा जोर. पाणी जोरात आलं तरच गिझर गॅस सोडतो. पाणी आत येतं तिथली जाळी बोरिंगच्या क्षारांनी बुजते. नळ बंद करून ती काढून ब्रशनं घासा. तिसरं, सिलिंडर. गारठ्यात आतल्या द्रवाचा वायू हळू होतो, म्हणून संपत आलेला सिलिंडर थंडीत लवकर हात टेकतो. तो आडवा करू नका, गरम पाण्यात ठेवू नका. बदला.

आता ते महत्त्वाचं. मागच्या थंडीत पाहुणे आले होते. एकामागून एक आंघोळी चालल्या होत्या, आणि वारा येतो म्हणून झडपेत कुणीतरी पेपर कोंबलेला. शेवटी सूनबाई गेली. बराच वेळ आवाज नाही. दार ढकललं तर ती भिंतीला टेकून बसलेली. कडी घातली नव्हती म्हणून बरं. म्हणाली, "आई, डोकं ठणकत होतं, उठायला गेले तर पायच उचलेनात." उघड्यावर नेलं, दवाखान्यात नेलं, सावरली.

कोंडलेल्या जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला वासच नाही. रक्तात तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. लडाखात द्रासला पारा शून्याखाली 20 अंशांवर जातो, तिथेसुद्धा बुखारीचा धूर पाइपानं घराबाहेर काढतात. मग आपण थोड्याशा वाऱ्यासाठी झडप का बुजवायची?

गिझर बाथरूमबाहेरच बसवा. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मग आंघोळ. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर मेकॅनिकला बोलवा. कुणी पडलं तर दार-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, माणूस बाहेर आणा आणि 108 लावा. गॅसची गळती असेल तर 1906.

आमचा गिझर आता मागच्या पडवीत आहे. गरम पाणी येईपर्यंत दोन तांबे गार निघतं, ते तुळशीला जातं.