न विचारलेले प्रश्न



१९५६ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये सीआयएवर देखरेख ठेवणारी समिती नेमायचा ठराव आला आणि पडला. त्या चर्चेत सिनेटर लेव्हरेट सॉल्टनस्टॉल यांनी मोकळेपणानं सांगितलं की, सीआयए माहिती द्यायला नाखूश नाही. काही गोष्टी कळूच नयेत असं सभासदांनाच वाटतं. पुढची जवळपास वीस वर्षं गुप्तचर खात्यांचे पैसे मंजूर होत राहिले, हिशेब मात्र फारसा कुणी मागितला नाही.

डिसेंबर १९७४ मध्ये पत्रकार सेमूर हर्श यांची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आली. सीआयए आपल्याच देशातल्या युद्धविरोधी नागरिकांवर पाळत ठेवत होती. महिनाभरात, २७ जानेवारी १९७५ रोजी, सिनेटनं ८२ विरुद्ध ४ मतांनी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते आयडाहोचे फ्रँक चर्च. समितीच्या दिमतीला सुमारे दीडशे कर्मचारी होते. कागद मागवायचे, वाचायचे, अडवले तर पुन्हा मागवायचे, हे त्यांचं रोजचं काम.

त्या कागदांतून जे निघालं, ते आजही अंगावर येतं. १९४५ पासून तीन बड्या तार कंपन्या परदेशी तारांच्या प्रती सरकारला पुरवत होत्या. शेवटच्या वर्षांत विश्लेषकांच्या हाती महिन्याला सुमारे दीड लाख तारा पडत. कोर्टाचा हुकूम एकाही तारेसाठी नव्हता. न्यूयॉर्कमध्ये सीआयएनं वीस वर्षांत दोन लाखांहून जास्त पत्रं फोडली.

आणि एक पत्र एफबीआयनं स्वतः लिहिलं. नोव्हेंबर १९६४ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग नोबेल स्वीकारायला निघण्याच्या थोडं आधी, त्यांच्या नावे एक पाकीट टपालात पडलं. आत हॉटेलच्या खोल्यांत चोरून केलेलं ध्वनिमुद्रण आणि सोबत टंकलिखित, निनावी मजकूर. त्यात ३४ दिवसांची मुदत होती. किंग यांनी त्याचा अर्थ आत्महत्येची चिथावणी असाच लावला. त्या मजकुराची प्रत एफबीआयच्याच दप्तरात होती.

चर्च समितीमुळे १९७६ साली सिनेटची कायमची देखरेख समिती आली आणि १९७८ साली परकीय हेरगिरीच्या नावाखालच्या टॅपिंगसाठी विशेष न्यायालय. पण तेवढ्यानं भागलं नाही. १२ मार्च २०१३ रोजी सिनेटर रॉन वायडन यांनी गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांना जाहीर सुनावणीत विचारलं, लाखो अमेरिकनांची माहिती एनएसए ही गुप्तचर संस्था गोळा करते का? क्लॅपर नाही म्हणाले. वायडन यांना खरं ठाऊक होतं, पण गुप्ततेच्या बंधनामुळे त्यांना तिथल्या तिथे ते सांगता येईना. जूनमध्ये एनएसएचे कंत्राटी कर्मचारी एडवर्ड स्नोडेन यांनी फोडलेल्या कागदांनी जगाला सांगितलं की, अमेरिकनांच्या फोन-नोंदी सरसकट साठवल्या जात होत्या. २०१५ च्या कायद्यानं फोन-नोंदींचा तो सरसकट साठा बंद झाला.

भारतीय पदवीधरांनी हे ऐकताना आपल्या घराकडेही पाहायला हवं. १९९६ साली पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फोन टॅपिंगवर बंधनं घातली, आढावा समिती ठेवायला सांगितलं. त्या समितीत आजही सरकारचे सचिवच बसतात; निवडून आलेला एकही प्रतिनिधी नाही. आयबी आणि रॉ यांचा जन्म संसदेच्या कायद्यातून झालेला नाही. २०११ साली खासदार मनीष तिवारी यांनी या संस्थांना कायद्याच्या चौकटीत आणणारं खासगी विधेयक मांडलं. ते कायदा झालं नाही.

देशाला गुप्तचर हवेतच. सीमेवर आणि शहरांत त्यांच्यामुळे जीव वाचतात. म्हणूनच त्यांच्या हातातल्या अधिकारावर नजर ठेवायला संसदेची समिती, तिला स्वतःचे अभ्यासू कर्मचारी आणि कागद मागवण्याचा हक्क हवा. आज इथून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी कुणी वकील होईल, कुणी पत्रकार, कुणी टॅपिंगच्या आदेशाची फाइल पुढे सरकवणारा अधिकारी. त्या फाइलवर कारण लिहिलंय का, मुदत संपली का, हे विचारण्याचं शिक्षण त्यांना इथे मिळालं आहे. ते त्यांनी वापरावं, ही कळकळीची विनंती.