दात्याचा शब्द आणि कसायाची मजुरी



मी संपावर, बोनसावर बोलेन असा चालकांचा समज असावा. मी कळवले, दानाच्या बकऱ्यावर बोलतो. मी मौलवी नव्हे, मुसलमानही नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. पण लोकांचा पैसा हाती घेऊन तो त्यांच्यासाठी खर्च करणे हा माझा तीस वर्षांचा व्यवसाय आहे, आणि त्या व्यवसायाचा कायदा इतका बारीक कातलेला मला इस्लामी धर्मशास्त्रात सापडला, तितका ट्रेड युनियन ॲक्टातही सापडला नाही.

प्रश्न असा. एक गृहस्थ संस्थेकडे पैसे देतो आणि सांगतो, एक बकरा कापून अनाथ मुलांना जेवू घाला. संस्थेचा चिटणीस विचार करतो की बाजारातून मटण आणले तर स्वस्त पडेल, उरलेल्या पैशांत वह्या येतील. मुलांचे भलेच होईल. मग हे चालेल का?

शास्त्री लोक उलट विचारतात : ते पैसे कसले होते? कुर्बानीचे असतील तर मुळीच चालणार नाही. तिथे कापणे हेच कृत्य आहे. मांस हे त्याचे फळ. ईदच्या त्या दिवसांत मटण वाटले, रोख रक्कम वाटली, तरी ते पुण्य वेगळे, कुर्बानी झाली नाही. नवसाचे असतील, म्हणजे ‘नज़र’ असेल, तर बकरा कापायचा आणि सगळा गरिबांना द्यायचा. नवस करणाऱ्याने त्यातला तुकडाही खायचा नाही, असे हनफी मत आहे. कुर्बानीत मात्र स्वतः खाता येते. एक भाग घरी, एक आप्तेष्टांना, एक गरिबांना, ही वाटणी चांगली मानतात. आणि पैसे नुसते ‘सदका’ म्हणून दिले असतील, तर बकरा कापलाच पाहिजे असे धर्म म्हणत नाही. पण दात्याने तसे सांगितले असेल, तर चिटणिसाने आपले शहाणपण खिशात ठेवावे आणि दात्याला विचारावे.

का विचारावे? कारण चिटणीस हा ‘वकील’ आहे. आपल्याकडे हा शब्द कोर्टात जाऊन बसला. मूळ अर्थ, दुसऱ्याच्या वतीने काम करणारा. मालकाने घातलेली मर्यादा वकिलाने मोडली, तर तो व्यवहार आणि भरपाई वकिलाच्या गळ्यात. मालकाचा फायदा झाला तर गोष्ट निराळी. पैगंबरांनी उर्वा नावाच्या माणसाला एक दिनार देऊन मेंढी आणायला पाठवले. त्याने एका दिनारात दोन घेतल्या, एक दिनाराला विकली, आणि मेंढी व दिनार दोन्ही आणून पुढे ठेवले. पैगंबरांनी त्याला आशीर्वाद दिला. दिनार त्याने खिशात घातला नाही, एवढे ध्यानात घ्या. दात्याचा पैसा उरला तर तो दात्याचा. संस्थेला हवा असेल तर आधी सांगून घ्यावा.

वकिलाला दात्याचा पंथही ठाऊक हवा. आपल्या कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. हनफींची कुर्बानी जिल्हिज महिन्याच्या १०, ११, १२ ह्या तारखांना. शाफई १३ तारीखही धरतात. उंट किंवा म्हैस यांत सात जणांचे भाग असतात. त्यांतल्या एकाचा हेतू नुसता मटणाचा असला तर सातांचीही कुर्बानी बुडाली, असे हनफी म्हणतात. शाफई म्हणतात, त्याचे तो पाहील. संपफोड्याविषयी आमच्या कमिटीतही असेच दोन पंथ आहेत.

१९८३ मध्ये हजच्या कुर्बानीची व्यवस्था इस्लामी विकास बँकेकडे आली. त्यापूर्वी मिनाच्या मैदानात मांसाचे ढीग पुरावे लागत. आता यात्रेकरू कूपन घेतो आणि मांस गोठवून परमुलखातल्या गरिबांपर्यंतही जाते. आपला बकरा तो डोळ्यांनी पाहत नाही. ह्याला आधार जुनाच आहे. हिजरी १० मध्ये, म्हणजे इ. स. ६३२ मध्ये, पैगंबरांच्या शेवटच्या हजला १०० उंट होते. ६३ त्यांनी स्वतः कापले, बाकीचे अलींवर सोपवले.

त्याच वेळी अलींना एक आज्ञा झाली. मांस, कातडी, पाठीवरच्या झुली, सगळे वाटून टाक. पण कसायाला मजुरी त्यातून देऊ नको, ती आम्ही आपल्या पदरची देऊ. मित्रहो, हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो. कसाई गरीब असेल तर त्यालाही मांसाचा वाटा द्या, पण तो दान म्हणून. घामाचे दाम वेगळे मोजा. आजही कातडी विकून आलेला पैसा मदरशातल्या गरीब विद्यार्थ्यांना देतात. शिक्षकाचा पगार किंवा इमारतीचा खर्च त्यातून भागवू नये, असे हनफी मुफ्ती सांगतात. गेल्या काही वर्षांत चामड्याचे भाव पडले, मदरशांची ओढाताण वाढली, तरी हा नियम सैल झालेला नाही. आणि आमच्याकडे दिवाळीला मिठाईचा डबा देऊन ओव्हरटाइम बुडवणारे मालक मी किती पाहिले!

आता माझी गोष्ट. १९९९ साली एका कारखान्यात टाळेबंदी झाली. एका किराणा दुकानदाराने कामगारांच्या घरी धान्य भरायला पैसे दिले. कोर्टाची तारीख जवळ आली होती. आम्ही ठराव केला आणि ते पैसे वकिलाच्या फीला लावले. खटला जिंकलो तर सगळ्यांचीच चूल पेटेल, हे माझेच भाषण. सभा संपल्यावर एक जुने कामगार, आम्ही त्यांना चाचा म्हणत असू, जवळ आले. म्हणाले, “भाऊ, शेठला विचारलं होतं का?”

मी म्हणालो, चाचा, काम तर कामगारांचेच झाले ना?

ते म्हणाले, “मग विचारायला काय हरकत होती?”

खटला आम्ही जिंकलो. दोन महिन्यांनी मी दुकानदाराकडे गेलो आणि सगळे सांगितले. तो म्हणाला, विचारले असते तर हो म्हणालो असतो. चहा पाजला. पुढच्या लढ्याच्या वेळी पावतीपुस्तक घेऊन गेलो, तेव्हा त्याने नोकराकरवी पन्नास किलो तांदूळ मोजून थेट चाळीत पाठवला.