दुधाचे दात आणि बाळाचं अंग



ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली साडेतीन वर्षांची मुलगी आईच्या कडेवर बसून माझ्याकडे आली. तक्रार दातांची नव्हतीच. "पोरगी अंगच धरत नाही. घास तोंडात धरून बसते," आई सांगत होती. मी मुलीला आ करायला लावलं. वरचे पुढचे चारही दात हिरडीपर्यंत काळे आणि खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढांना खड्डे. ती भाकरी चावणार कशी?

मग तिला मिळायचं चहात बुडवलेलं बिस्कीट. ते मऊ, चावावं लागत नाही. पण त्याचा लगदा खड्ड्यात चिकटतो, तोंडातले जंतू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात आणि खड्डा आणखी खोल जातो. रात्री दाढ ठणकली की झोप मोडते, आणि वाढीचं संप्रेरक तर मुख्यतः गाढ झोपेतच स्रवतं. किडलेल्या दातांवर उपचार केल्यावर मुलांचं वजन वाढल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे, सगळ्यांत नाही. आणि कीड काही फक्त रोडक्या मुलांनाच लागते असं नाही, गोड खाऊन स्थूल झालेल्यांनाही लागते.

"दुधाचेच दात, पडणारच आहेत," असं आपण सहज म्हणतो. पण दुधाच्या मागच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात, आणि त्यांचं कवच पक्क्या दातांच्या जेमतेम निम्म्या जाडीचं असतं.

त्या आईला मी दोष देणार नाही. नवरा-बायको पहाटेच फडात जातात. कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीत, नऊ वर्षांची ताई धाकटीला सांभाळते. रडली की पाच रुपयांचा पुडा फोडते. दुसरं तिच्या हाताशी असतं काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यात वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलांची तपासणी होते, दातही पाहतात. गावात तपासणीचं पथक येतं तेव्हा ही मुलगी फडावर असेल, तर तिचं तोंड पाहणार कोण? अंगणवाडी सेविकांना माझी विनंती आहे, फडावरून परतलेल्या मुलाचं वजन कराल तेव्हा दातही पाहा.

आणि आयांनो, बाळ दुधाची बाटली तोंडात धरून झोपत असेल तर ती सोडवा. आज त्याचा वरचा ओठ अलगद उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असू शकते. लगेच डॉक्टरांना दाखवा. तेवढ्यावर ती थांबवता येते.