बॉयकॉट : एका आडनावाची गोष्ट

'बॉयकॉट' हे मुळात एका माणसाचं आडनाव. साल १८८०, आयर्लंडमधला मेयो परगणा. पिकं बुडालेली, कुळं खंडात सूट मागत होती. जमीनदार लॉर्ड अर्न यांचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट यानं उलट कुळांना बेदखलीच्या नोटिसा धाडल्या. मग कुळांच्या 'लँड लीग' या संघटनेच्या हाकेवर गावानं त्याच्याशी संबंधच तोडले. गडी कामावर येईनात, दुकानदार माल देईना, टपालसुद्धा पोचेना. शेतातले बटाटे आणि सलगम काढायला बाहेरून ५० मजूर आणावे लागले, तेही लष्कराच्या पहाऱ्यात! वर्ष संपायच्या आत बॉयकॉटनं आयर्लंड सोडलं. आडनाव मात्र क्रियापद होऊन जगभर पसरलं.

तिथं दुबळ्यांनी बलवानाला एकटं पाडलं. आपल्याकडच्या जातपंचायतींनी नेमकं उलट केलं. आंतरजातीय लग्न केलं म्हणून अख्खी कुटुंबं वाळीत टाकली. हा निव्वळ अन्याय आहे. महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानं तो गुन्हाही ठरला आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या गावात कुणाला वाळीत टाकलं असेल, तर पोलीस ठाण्यात तक्रार जरूर करा.