पाळणा सजवण्याआधी

घरात बाळ येणार म्हटलं की पाळण्याचा विषय निघतोच. बारशाला तो कसा सजवायचा, हे आधी ठरतं. पण बाळ त्यात दिवसाचे चौदा-पंधरा तास झोपणार आहे, हा विचार मागे राहतो.

पाळणा नवा घ्या किंवा नात्यातून आलेला वापरा, आधी मोजपट्टी काढा. कठड्याच्या दोन गजांमधलं अंतर ६ सेंटीमीटरहून जास्त नसावं. रुंद फटीतून बाळाचे पाय आणि धड बाहेर सरकतं, डोकं मात्र अडकतं. गादी टणक आणि पाळण्याच्या मापाची हवी. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटं जात असतील, तर ती गादी त्या पाळण्याची नव्हे. जुन्या रंगाचे पोपडे निघत असतील तर तो पाळणा नकोच, त्या रंगात शिसं असू शकतं. एका बाजूचा कठडा खाली सरकणारे पाळणे उचलायला सोयीचे वाटतात. पण अमेरिकेत अशा कठड्यांत अडकून बाळं दगावली, म्हणून २०११ पासून तिथे त्यांच्या विक्रीला बंदी आहे.

टांगता पाळणा असेल तर कड्या आणि दोर वरचेवर तपासा. बाळ झोपलं की झोका थांबवा. ते हातापायांवर उठू लागलं की टांगत्या पाळण्याचे दिवस संपले, असं समजा.

साडीच्या झोळीत बाळाचं अंग वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. शेतात, बांधकामावर राबणाऱ्या आईला झोळीवाचून इलाज नसतो, हे खरं. तिथे कुणाची तरी नजर सतत बाळावर हवी. घरात मात्र सपाट अंथरूणच बरं.

आता सर्वांत महत्त्वाचं. पाळण्यात बाळाखेरीज काही नको. मोहरीची उशी, मऊ लोड, जाड गोधडी, कापडी खेळणी, सगळं बाहेर. तोंडावर आलेली गोधडी बाजूला सारण्याची ताकद तान्ह्या बाळात नसते. थंडी असेल तर अंगात एक झबलं जास्त घाला.

आणि बाळाला उताणंच झोपवा. अमेरिकेत १९९४ मध्ये याचा मोठा प्रचार सुरू झाला आणि पुढच्या दहा वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. आजी म्हणेल, डोकं चपटं होईल. तिची काळजीही रास्त आहे. त्यासाठी बाळ जागं असताना, आपल्या डोळ्यांसमोर, त्याला थोडा वेळ पालथं घालावं.

बारशाला पाळणा फुलांनी जरूर सजवा. पाहुणे गेले की माळा आणि फुगे उतरवा, चिमणाळं बाळाचा हात पोहोचणार नाही इतकं उंच बांधा, आणि मगच बाळाला निजवा.